अँटिबायोटिकचं प्रिस्क्रिप्शन सुधारायचंय? आधी संगणकात ‘कारण’ लिहायला जागा करा

वॉर्डातला एखादा केसपेपर उघडा. मेरोपेनेम (अनेक जिवाणूंवर चालणारं भारी अँटिबायोटिक), शिरेतून, दिवसातून तीनदा, आज नववा दिवस. कशासाठी सुरू केलं? पहिल्या दिवशीच्या नोंदीत ‘ताप, सेप्सिस?’ एवढंच (सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं). ज्यांनी सुरू केलं त्यांची ड्युटी बदलली. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून कोणतं औषध चालेल ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट चौथ्या दिवशी आला, तो लॅबच्या संगणकात पडून आहे. आणि आजचे डॉक्टर ‘चालू आहे ते चालू द्या’ म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात. इथे कुणाचं ज्ञान कमी पडलेलं नाही. हवी ती माहिती हव्या त्या क्षणी समोर नव्हती, आणि बदल करायला कुणी भाग पाडलं नाही.

डिजिटल साधनांचं काम या दोन जागी आहे. 2019 साली जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. त्यामुळे प्रश्न किती मोठा आहे हे सांगत बसत नाही. रुग्णालयात किंवा दवाखान्यात हे काम कोणत्या क्रमाने उभं करायचं, ते पाहू. माझं मत आधीच सांगून ठेवतो: महागडं सॉफ्टवेअर आणि एआय नंतर. पहिल्यांदा प्रिस्क्रिप्शनच्या पडद्यावर दोन रकाने आणा: कारण आणि मुदत. पुढचं जवळजवळ सगळं त्यांच्यावर उभं राहतं.

पायरी 1: आज काय चाललंय ते मोजा

सुरुवातीला नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. औषध भांडाराकडे प्रत्येक वॉर्डाला काय दिलं याची नोंद असते, तेवढी पुरे. मोजण्याचं जगभर चालणारं एकक म्हणजे डीडीडी, म्हणजे प्रौढ माणसासाठी त्या औषधाचा ठरवून दिलेला सरासरी रोजचा डोस. सेफट्रायॅक्सोन इंजेक्शनचा डीडीडी 2 ग्रॅम आहे. एका वॉर्डाने महिन्यात 1 ग्रॅमच्या 240 व्हायल वापरल्या, तर 240 ग्रॅम भागिले 2, म्हणजे 120 डीडीडी. त्या महिन्यात वॉर्डात 600 रुग्णदिवस (रोजच्या भरती रुग्णांची महिन्याची बेरीज) झाले असतील, तर दर 100 रुग्णदिवसांमागे 20 डीडीडी. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं. दर महिन्याचा आकडा आलेखावर मांडत जा आणि किमान वर्षभराचा मागचा आलेख हाताशी ठेवा. नाहीतर एखाद्या साथीमुळे आलेला चढउतार तुम्ही तुमच्या साधनाच्या नावावर जमा कराल.

लहान मुलांच्या वॉर्डात डीडीडी वापरू नका. तिथे डोस वजनावर ठरतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. ज्यांच्याकडे औषध प्रत्यक्ष दिल्याची नोंद संगणकात होते, त्यांनी ‘औषधाचे दिवस’ मोजावेत. एका रुग्णाला एकाच दिवशी दोन अँटिबायोटिक मिळाली तर ते दोन दिवस धरायचे.

दुसरं माप म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं ‘अवेअर’ वर्गीकरण. 2017 पासून अँटिबायोटिकचे तीन गट केलेले आहेत: ‘अ‍ॅक्सेस’मध्ये अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरंटॉइन यांसारखी, ‘वॉच’मध्ये सेफट्रायॅक्सोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, आणि ‘रिझर्व्ह’मध्ये कोलिस्टिन, लिनेझोलिड यांसारखी राखून ठेवायची. 2024 च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी उद्दिष्ट मान्य केलं, की 2030 पर्यंत माणसांसाठीच्या जागतिक वापरात किमान 70 टक्के वाटा ‘अ‍ॅक्सेस’ गटाचा असावा. हा आकडा आयसीयूला जसाच्या तसा लावायचा नाही. पण बाह्यरुग्ण विभागात ‘वॉच’चा वाटा निम्म्यावर गेलेला दिसला, तर कुठून सुरुवात करायची ते कळतं. औषधांच्या मास्टर यादीत हा गट एकदाच टाकून ठेवा. पुढचे सगळे तक्ते त्यावरून आपोआप निघतात.

पायरी 2: कारण आणि मुदत

हा भाग नीट झाला तर निम्मं काम झालं.

अँटिबायोटिकची ऑर्डर टाकताना संगणकाने तीनच गोष्टी विचाराव्यात. एक, कशासाठी. दोन, हा संसर्ग सिद्ध झालाय, की संशय आहे, की शस्त्रक्रियेआधीचा प्रतिबंधात्मक डोस आहे. तीन, पुन्हा कधी पाहणार किंवा कधी थांबवणार. तिन्हींना मिळून दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, नाहीतर लोक पळवाट काढतात. ती कशी असते ते सांगतो. यादीत साठ निदानं दिली की पहिलं जे दिसेल त्यावर बोट पडतं. महिन्याभराने रिपोर्ट काढला की निम्म्या रुग्णालयाला वर्णानुक्रमे पहिला असलेला आजार झालेला दिसतो! म्हणून यादी बारा-पंधरा नोंदींची ठेवा, विभागानुसार क्रम बदला, आणि ‘इतर’ला मोकळी जागा द्या. ‘ताप’ हे कारण यादीत ठेवू नका. ते लक्षण आहे. मात्र ‘सेप्सिस, स्रोत अज्ञात’ ठेवा, कारण रात्री दोन वाजता खरोखर तशीच परिस्थिती असते. दर महिन्याला ‘इतर’मध्ये लोकांनी काय लिहिलं ते वाचा. यादीत काय सुटलंय ते तिथेच सापडतं.

कारण निवडलं की मुदत आपोआप सुचवता येते. न्यूमोनिया घेऊन बाहेरून आलेल्या आणि सुधारत असलेल्या प्रौढाला 5 दिवस. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरंटॉइन 5 दिवस. रक्तात सापडणाऱ्या बऱ्याच जिवाणूंच्या संसर्गात 7 दिवस 14 दिवसांपेक्षा कमी पडत नाहीत, हे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत दिसलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू त्यात धरलेला नव्हता, त्याला जास्त दिवस लागतात. माणूस सहसा समोर आधीच भरलेला आकडा बदलत नाही. इतके दिवस ही सवय 7, 10, 14 अशा आकड्यांमुळे आपल्या विरुद्ध जात होती, आता ती आपल्या बाजूने वापरायची.

मुदत संपली म्हणून संगणकाने औषध परस्पर बंद करू नये. हृदयाच्या झडपेच्या संसर्गावर चाललेलं औषध रविवारी रात्री गुपचूप बंद झालं, तर त्या चुकीला कुणी वाली नसतो. संगणकाने विचारावं, थांबवावं माणसाने. अपवाद फक्त शस्त्रक्रियेच्या प्रतिबंधात्मक डोसचा. तो चीर देण्याआधीच्या 60 मिनिटांत द्यायचा असतो (व्हॅन्कोमायसिनला 120 मिनिटं) आणि बहुतेक शस्त्रक्रियांत नंतर चालू ठेवायची गरज नसते. तिथे 24 तासांच्या आत आपोआप बंद होणं योग्यच आहे.

पायरी 3: मार्गदर्शक सूचना पीडीएफमधून बाहेर काढा

नव्वद पानी पीडीएफ कुणी उघडत नाही. तोच मजकूर ‘ऑर्डर सेट’च्या रूपात द्या. ‘बाहेरून आलेला न्यूमोनिया’ निवडलं की पहिली पसंती, डोस, मुदत आणि आधी पाठवायच्या तपासण्या एकाच पडद्यावर, एका क्लिकवर. योग्य वागणं हेच सगळ्यात कमी कष्टाचं झालं पाहिजे. ज्यांच्याकडे स्वतःच्या सूचना नाहीत, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचं 2022 सालचं अँटिबायोटिक हँडबुक पायाला घ्यावं. तीसहून अधिक सामान्य संसर्गांसाठी डोस आणि मुदत त्यात दिलेली आहे.

पण पहिली पसंती ठरवताना आपल्याकडचे जिवाणू काय म्हणतात ते पाहावं लागतं. त्यासाठी अँटिबायोग्राम, म्हणजे आपल्या रुग्णालयातला कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो त्याचा तक्ता. ‘हूनेट’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे आणि लॅबच्या यंत्रांतली माहिती त्यात ओढून घेता येते. नियम दोनच, पण कडक. एका रुग्णाचा एका काळातला, एका प्रजातीचा पहिलाच जिवाणू मोजायचा. आणि एखाद्या जिवाणूचे किमान 30 नमुने असल्याशिवाय टक्केवारी छापायची नाही. पहिला नियम मोडला तर आयसीयूत महिनाभर असलेला एकच रुग्ण दहा वेळा मोजला जातो आणि सगळं रुग्णालय प्रतिरोधक दिसायला लागतं. मग घाबरून सगळेच मेरोपेनेमवर उडी मारतात. लघवीतले जिवाणू आणि रक्तातले जिवाणू वेगवेगळे दाखवा, जमलं तर आयसीयू आणि बाहेरचे वॉर्डही.

पायरी 4: लॅबचा रिपोर्ट कसा दिसतो ते बदला

यावर फार कमी लोक वेळ घालवतात, आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं. रिपोर्टवर अठरा औषधं छापली की डोळा शेवटच्या, भारी औषधाकडे जातो. म्हणून निवडक रिपोर्टिंग: ई. कोलाय हा जिवाणू साध्या औषधांना दाद देत असेल तर तीच दाखवायची. मेरोपेनेमचा निकाल लॅबच्या संगणकात असतोच, तो मागितल्यावर किंवा साधी औषधं निकामी ठरल्यावर आपोआप खुला होतो.

दुसरी युक्ती शब्दांची. श्वासमार्गाच्या नमुन्यात नेहमीचे निरुपद्रवी जिवाणूच असतील, तर लॅब नुसतं ‘नॉर्मल फ्लोरा’ लिहिते. एका अभ्यासात त्यापुढे एवढंच जोडलं, की एमआरएसए आणि स्युडोमोनास (ज्यांच्या भीतीने भारी औषधं दिली जातात असे दोन जिवाणू) आढळले नाहीत. औषध कमी करण्याचं किंवा थांबवण्याचं प्रमाण 39 टक्क्यांवरून 73 टक्क्यांवर गेलं. एक ओळ, आणि तीही लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच टाकायची.

लघवीच्या कल्चरला हीच शिस्त लावा. ऑर्डर देतानाच लक्षणं विचारा. लक्षणं नसताना लघवीत जिवाणू सापडले, तर गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणारे रुग्ण सोडता बहुतेकांना उपचार लागत नाहीत. पण लाल अक्षरातला ‘पॉझिटिव्ह’ पाहिला की हात प्रिस्क्रिप्शनकडे जातोच. म्हणून नको असलेलं कल्चर मुळात जाऊच न देणं बरं.

पायरी 5: अलर्ट थोडे ठेवा

अलर्ट, म्हणजे ऑर्डर टाकताना पडद्यावर उगवणारी सूचना, हे या क्षेत्रातलं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात वाया गेलेलं साधन आहे. औषधसुरक्षेचे निम्म्याहून जास्त अलर्ट डॉक्टर न वाचता बंद करतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. काही ठिकाणी हा आकडा नव्वदीच्या पुढे गेला. सारखा भुंकणारा कुत्रा चोर आला तरी कुणाला जागं करत नाही, तसंच हे.

मग कोणते ठेवायचे? ज्यात चूक झाली तर नुकसान मोठं, आणि पुढचं पाऊल एका क्लिकवर देता येतं, तेवढेच. याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या 59 रुग्णालयांत झालेल्या ‘इन्स्पायर’ चाचण्यांत आहे, 2024 साली त्या प्रसिद्ध झाल्या. डॉक्टरांनी पहिल्या तीन दिवसांत व्यापक (एकाच वेळी अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं) अँटिबायोटिक मागवलं, की संगणक त्या रुग्णाची माहिती पाहून प्रतिरोधक जिवाणू असण्याची शक्यता काढायचा. ती 10 टक्क्यांच्या खाली असेल तरच सूचना यायची, नेहमीचं औषध सुचवायची आणि तिथेच बदलूही द्यायची. न्यूमोनियात व्यापक औषधांचे दिवस 28 टक्क्यांनी घटले, मूत्रमार्गाच्या संसर्गात 17 टक्क्यांनी, आणि आयसीयूत हलवावे लागणारे रुग्ण वाढले नाहीत. सूचनेबरोबर डॉक्टरांना प्रशिक्षण आणि त्यांचे आकडेही दिले जात होते, हे विसरू नका.

पूर्ण अडवणारे अलर्ट मात्र जपून. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध आणि को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक एकत्र देऊ न देणाऱ्या अलर्टची चाचणी झाली होती, 2010 साली तिचे निष्कर्ष आले. अलर्ट परिणामकारक होता, तरी चार रुग्णांना गरजेचा उपचार मिळायला उशीर झाला म्हणून चाचणी मधेच थांबवावी लागली. रिझर्व्ह औषधांना पूर्वपरवानगी ठेवायची असेल, तर पहिला डोस कधीही अडवू नका. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळतो तेव्हा, पहिलं औषध तासाभरात गेलंच पाहिजे. परवानगीची चर्चा दुसऱ्या डोसआधी होऊ दे.

अ‍ॅलर्जीचा अलर्ट वेगळा विषय आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद साधारण दहापैकी एका रुग्णाच्या नावावर असते, आणि तपासलं तर त्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन चालतं. लहानपणी पुरळ आली होती, कुणीतरी लिहून ठेवलं, आणि जन्मभर त्या माणसाला भारी औषधं मिळत राहिली. म्हणून अ‍ॅलर्जीच्या रकान्यात नुसतं औषधाचं नाव घेऊ नका. काय झालं, कधी झालं, उपचार लागले का, हे विचारा. ‘पेन-फास्ट’ हे 2020 मधलं गुणपत्रक एवढ्यावरच चालतं: गेल्या पाच वर्षांतली घटना 2 गुण, तीव्र किंवा जीवघेणी प्रतिक्रिया 2 गुण, उपचार लागले असतील तर 1. एकूण 3 पेक्षा कमी असेल तर खरी अ‍ॅलर्जी निघण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी. पुढची चाचणी देखरेखीखालीच करायची, पण कुणाची करायची ते संगणक शोधून देतो.

पायरी 6: 48 तासांनी परत या

औषध सुरू करताना अंदाज असतो, दोन दिवसांनी पुरावा हातात असतो. हा क्षण संगणकाने धरून द्यायचा. प्रत्येक डॉक्टरला वेगळा अलर्ट पाठवण्यापेक्षा रोज सकाळी क्लिनिकल फार्मासिस्ट किंवा मायक्रोबायोलॉजिस्टकडे एक यादी येऊ दे. यादीत कोण हवेत? रक्ताचं कल्चर पॉझिटिव्ह आणि चालू औषधाला जिवाणू दाद देत नाही, हे सगळ्यात वर. मग 48 ते 72 तास झालेले आणि सगळी कल्चर निगेटिव्ह असलेले. मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन-टाझोबॅक्टमबरोबर विनाकारण मेट्रोनिडाझोल चालू असलेले. तोंडाने बाकीच्या गोळ्या घेत असूनही शिरेतून अँटिबायोटिक चालू असलेले. आणि कारणाचा रकाना अजून ‘स्रोत अज्ञात’च असलेले.

यादीत रोज दहा-पंधरा नावंच यावीत. माणसाच्या हाती जेवढा वेळ आहे, तेवढ्यालाच नियम बसवायचे. फोन करायचा की नोंद टाकायची, हे त्या त्या विभागाच्या स्वभावावर आहे. माझा कल राउंडच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन बोलण्याकडे आहे. यादी खिशात ठेवावी, समोर धरू नये.

डोसाचे हिशोब याच वेळी तपासा. मूत्रपिंडानुसार डोस कमी करणारी साधनं क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) एकाच आकड्यावर चालतात. सेप्सिसमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांत तो चढलेला असतो आणि बऱ्याचदा उतरतो. तिथे डोस घाईने कमी केला, तर जिवाणूला सवलत मिळते.

पायरी 7: डॉक्टरांना आरसा दाखवा

इथे कारणाच्या रकान्याची खरी वसुली होते. 2016 साली अमेरिकेतल्या 47 प्राथमिक दवाखान्यांतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्या श्वसनविकारांत अँटिबायोटिक लागतच नाही, तिथे ते देताना डॉक्टरांना कारण मोकळ्या शब्दांत लिहायला लावलं, आणि ते रुग्णाच्या नोंदीत दिसायचं. अनावश्यक प्रिस्क्रिप्शन 23 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलं. दुसऱ्या गटाला ईमेलवर ‘तुम्ही उत्तम वापर करणाऱ्यांत आहात’ किंवा ‘नाही’ एवढंच कळवलं. तिथे 20 वरून 4 च्या खाली. काहीच न केलेल्या गटातही घट झाली होती, 24 वरून 13, त्यामुळे सगळं श्रेय साधनाला देता येत नाही. नुसते पर्याय सुचवणारा अलर्ट मात्र फारसा चालला नाही.

तुलना सरासरीशी करू नका. सरासरीपेक्षा चांगला असलेला डॉक्टर तिच्याकडे घसरतो. सगळ्यात चांगल्या दहा टक्क्यांशी करा. आकडे खाजगीत द्या, भिंतीवर लावू नका. आणि आयसीयूच्या डॉक्टरची तुलना त्वचाविकाराच्या डॉक्टरशी होत नाही ना, ते पाठवण्याआधी पाहा. असं एकच पत्र गेलं की पुढची कुणी उघडत नाही.

दवाखाना छोटा असेल तर

लॅब नाही, फार्मासिस्ट नाही, तरी साधनं आहेत. टांझानियात 40 आरोग्य केंद्रांत ‘ई-पॉक्ट प्लस’ या टॅबलेटवरच्या साधनाची चाचणी झाली. ते आरोग्यसेवकाला आजारी बालकाच्या तपासणीत एकेक पायरी नेतं, गरज पडली तर ऑक्सिजन मोजायला किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला सांगतं. साधन असलेल्या केंद्रांत 23 टक्के भेटींत अँटिबायोटिक दिलं गेलं, नसलेल्या केंद्रांत 70 टक्के, आणि सातव्या दिवशी मुलांची तब्येत तितकीच चांगली होती. एकट्या डॉक्टरने किमान प्रिस्क्रिप्शनच्या साच्यात कारणाची ओळ घालावी आणि ‘तीन दिवसांत उतार नसेल तर या’ हा मजकूर छापून यावा, अशी सोय करावी.

एआयचं काय?

1970 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ‘मायसिन’ नावाचा प्रोग्रॅम बनला होता. काहीशे नियमांवर तो अँटिबायोटिक सुचवायचा, आणि चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीचा ठरला. प्रत्यक्ष रुग्णांवर तो कधीच वापरला गेला नाही. डॉक्टरने वेगळ्या यंत्रापाशी बसून प्रश्नांची उत्तरं टाइप करत राहायची, हे वॉर्डात जमणारं नव्हतं. आजच्या मॉडेललाही हीच कसोटी लावा: ते कामाच्या ओघात बसतं का, आणि तुमच्या रुग्णांवर तपासलंय का? सेप्सिस ओळखणारं एक बहुप्रचलित मॉडेल 2021 साली बाहेरच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा त्याने दोन तृतीयांश रुग्ण हुकवले होते. आधी महिनोनमहिने पडद्याआड चालवा, त्याचा सल्ला कुणाला न दाखवता प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहा. चॅटबॉटला डोस विचारत असाल तर उत्तर अधिकृत सूचनांशी जुळवल्याशिवाय लिहू नका, आणि रुग्णाची ओळख पटेल असं काहीही त्यात टाकू नका.

देखभाल

वापर घटला एवढ्यावर खूश होऊ नका. त्याच आलेखाखाली मृत्यू, पुन्हा भरती, आयसीयूत हलवलेले रुग्ण आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या अँटिबायोटिकनंतर बळावणाऱ्या जिवाणूचे जुलाब यांचे आकडे ठेवा. एका औषधावर लगाम घातला की दुसरं फुगतं, म्हणून एकूण वापरही पाहा. आणि निदानं सरकतायत का ते तपासा: साध्या खोकल्याची नोंद कमी होऊन न्यूमोनियाची वाढली, तर लोकांनी यादीला चकवलंय.

प्रत्येक नियमापुढे जबाबदार व्यक्तीचं पद आणि पुन्हा तपासण्याची तारीख लिहा. लॅबने चाचणीचे निकष बदलले, औषधाचा तुटवडा आला, नवा अँटिबायोग्राम निघाला, की ऑर्डर सेट त्याच आठवड्यात बदलले पाहिजेत. जो अलर्ट दहापैकी नऊ वेळा बाजूला सारला जातो, तो बंद करा किंवा पुन्हा घडवा. आणि सिस्टिम बंद पडली तर चालावं म्हणून प्रत्येक वॉर्डात पहिल्या पसंतीच्या औषधांचं एकपानी पत्रक तारखेसह लावून ठेवा. त्या काळात हाताने लिहिलेल्या ऑर्डरच्या कागदावरही कारणाचा रकाना छापलेला असू द्या.